छायाचित्र आणि त्यातील ठिपके



मोबाईल घ्यावयास गेलेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न कॅमेऱ्याविषयी विचारतो : किती मेगापिक्सेल? हा दुकानदार पन्नास म्हणतो, शेजारचा दोनशे म्हणतो, आणि गिऱ्हाईक दोनशेवाल्याकडे वळते. मग तो दोनशेचा फोटो नातेवाइकांना पाठवला जातो आणि वाटेत कुठेतरी त्याचे दोनही उरत नाहीत. ह्या गळतीचा हिशेब कोणी मागत नाही. पगारातून एवढी कपात झाली असती तर संध्याकाळी गेटवर सभा झाली असती. आज तो हिशेब मांडावयाचा आहे. पण मोबाईलपासून नव्हे. चित्र मोठे घ्यावे आणि लहान करून लोकांपर्यंत पोचवावे, ह्यात काय टिकते व काय जाते, हा प्रश्न छायाचित्रणाच्या कलेइतकाच जुना आहे. तेव्हा आरंभही तिथूनच केला पाहिजे.

इंग्लंडात विल्टशायर परगण्यात लेकॉक अ‍ॅबी नावाचा एक जुना वाडा आहे. त्याचा मालक विल्यम हेन्‍री फॉक्स टॉलबट याने १८३५ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्याच घरातील एका जाळीदार खिडकीचे चित्र कागदावर उमटवले. त्याचे कॅमेरे म्हणजे लाकडाच्या लहान लहान पेट्या. त्याची बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणत असे. ते चित्र पोस्टाच्या तिकिटाहून फार मोठे नाही. टॉलबटने ते एका कागदावर चिकटवले आणि शेजारी टीप लिहून ठेवली, तिचा आशय असा की, चित्र ताजे असताना भिंगातून पाहिले तर खिडकीच्या काचा मोजता येत होत्या, आणि त्या सुमारे २०० भरत. मला ह्या टिपेचे मोठे नवल वाटते. चित्र सुंदर आहे, असे तो म्हणत नाही. तो काचा मोजतो. आज ज्याला आपण रेझोल्यूशन म्हणतो, म्हणजे दोन जवळजवळच्या गोष्टी वेगळ्या दिसण्याची शक्ती, तिचे माप आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या निगेटिव्हवरच घेतले गेले.

चार वर्षांनी, १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर हे चित्र उमटे, आणि बारकाव्यात त्याने टॉलबटच्या कागदाला मागे टाकले. अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या नदीकाठाचे असे एक चित्र २४ सप्टेंबर १८४८ रोजी फाँटेन व पोर्टर ह्या दोघांनी आठ पत्र्यांवर घेतले. आपल्या काळात ते पत्रे सूक्ष्मदर्शकाखाली धरले गेले, तेव्हा एका मनोऱ्यावरील घड्याळात किती वाजले आहेत हेसुद्धा वाचता आले. पत्र्यावर त्या घड्याळाची तबकडी सुमारे एक मिलिमीटरची आहे. म्हणजे कॅमेऱ्याची ताकद पावणेदोनशे वर्षांपूर्वीच अफाट होती.

अडचण दुसरीकडे होती. पत्रा एकच, आणि तो ज्याच्या घरी त्याच्याच घरी. हजारो लोकांपुढे चित्र न्यावयाचे तर छापखान्याची पायरी चढावी लागे, आणि छापखान्याच्या यंत्राला दोनच गोष्टी कळतात : शाई आणि कोरा कागद. मधली करडी छटा त्याला ठाऊक नाही. म्हणून छायाचित्र समोर ठेवून कारागीर लाकडाच्या ठोकळ्यावर रेघा कोरी, आणि त्या रेघा छापल्या जात. कारागिराने जे पाहिले ते उरे. त्याला जे दिसले नाही किंवा कोरावयाचे नव्हते ते जाई.

ह्यातून काय होई त्याचे एक उदाहरण सांगतो. जेकब रीस हा डेन्मार्कहून अमेरिकेत आलेला गरीब मनुष्य न्यूयॉर्कला वृत्तपत्राचा पोलीस बातमीदार झाला. रात्री खोल्याखोल्यांतून दाटीने झोपणारी माणसे तो रोज पाहत होता, पण लिहून कोणाला पटत नव्हते. १८८७ मध्ये मॅग्नेशियमच्या पुडीने क्षणभर उजेड पाडण्याची युक्ती निघाली आणि रीसने त्या अंधाऱ्या कोठड्यांची छायाचित्रे घेतली. १२ फेब्रुवारी १८८८ रोजी ‘न्यूयॉर्क सन’ पत्रात ती झळकली. पण छायाचित्रे म्हणून नव्हे, त्यांवरून काढलेली रेखाचित्रे म्हणून. आता रेखाचित्र म्हटले की कोणीही घरमालक म्हणू शकतो, हे चित्रकाराच्या डोक्यातले आहे. पुराव्याची धार तिथेच बोथट झाली. १८९० मध्ये त्याचे ‘हाउ दि अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक निघाले, त्यात १७ चित्रे नव्या हाफटोन पद्धतीने छापली होती आणि बाकीची रेखाचित्रेच होती.

ही हाफटोन पद्धत समजावून घेतली की मोबाईल अर्धा समजला. करडी छटा छापता येत नाही ना? मग चित्राचे बारीक ठिपके करा. काळोख असेल तिथे ठिपके मोठे, उजेड असेल तिथे लहान. दोन ठिपक्यांच्या मध्यांतील अंतर मात्र सर्वत्र सारखे. हातभर अंतरावरून डोळा ते मिसळून घेतो आणि आपल्याला छटा दिसते. ही कल्पनाही टॉलबटचीच. १८५२ च्या त्याच्या पेटंटात जाळीचे विरळ कापड मध्ये धरून चित्र फोडण्याची युक्ती आहे. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ ह्या दैनिकात स्टीफन हॉर्गन याने ह्या मार्गाने एक छायाचित्र छापून दाखवले. ते कशाचे होते? झोपडपट्टीचे. वृत्तपत्राच्या पानावर छायाचित्र आपल्या सर्व छटांसह आले, त्या पहिल्या यशस्वी प्रयत्नांपैकी हा एक, आणि त्यात कोणी राजा नाही की सेनापती नाही, ह्याचे मला माझ्या धंद्यामुळे थोडे जास्तच समाधान वाटते. पुढे म्युनिकच्या माइसेनबाखने १८८२ मध्ये पेटंट घेतले, अमेरिकेत आइव्ह्जने सुधारणा केल्या, आणि फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी काचेवर आम्लाने रेघा कोरून, त्यांत काळा रंग भरून, अशा दोन काचा काटकोनात चिकटवून जी जाळी बनवली ती मग जगभर गेली.

आपल्या देशात कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर राय यांनी १८९५ च्या सुमारास विलायतेहून सामान आणवून हे काम सुरू केले. जाळी आणि काचपट्टी यांत अंतर किती ठेवावे, उजेडाचे भोक केवढे असावे, ह्याचे गणित त्यांनी स्वतः बसवले आणि त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोझ’ वार्षिकात छापून येत. जे यंत्र आपण विकत घेतले त्याचे शास्त्र विकणाऱ्यांनाच शिकवणारा असा माणूस विरळा. आणि आपले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ब्लॉक आणि छपाईच्याच धंद्यात होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

आता आकडे पाहू. खरखरीत वर्तमानपत्री कागदावर इंचाला ५५ ते ८५ रेघांची जाळी चाले. त्याहून बारीक घेतली की शाई पसरून सारा काळा डाग होई. गुळगुळीत आर्ट पेपरवर १३३, १५० चालत. समजा, वर्तमानपत्रात दोन इंच रुंदीचा फोटो ६५ च्या जाळीने छापला. आडवे ठिपके झाले १३०. त्यात आठ माणसे ओळीने उभी असतील तर एकेकाच्या वाट्याला सोळा ठिपके. चेहऱ्याला त्यातले सहा-सात. एवढ्यात डोळे, नाक, ओठ बसवा! मूळ काचपट्टीवर भुवईचे केस मोजता येत असले तरी ते पानावर येणे नाही. मात्र ह्याचा अर्थ असा नव्हे की मूळ काचपट्टी कशीही असली तरी चाले. अस्पष्ट मूळ चित्रातून घेतलेले सोळा ठिपके आणि स्वच्छ मूळ चित्रातून घेतलेले सोळा ठिपके यांत फरक पडतोच. म्हणून ब्लॉकवाले मूळ चित्र छापावयाच्या मापाहून मोठे मागत; लहान करताना ओरखडे आणि हातदुरुस्ती झाकून जाई. परंतु एका मर्यादेपलीकडे मूळ कितीही भारी असो, जाळीतून तेवढेच गळते. कॅमेऱ्याच्या रेझोल्यूशनचा आणि लहान केलेल्या चित्राचा संबंध काय, ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

उरलेले निम्मे लुइस हाइनच्या कामातून मिळते. हा गृहस्थ तरुणपणी स्वतः कारखान्यात राबलेला, पुढे शिक्षक झालेला. १९०८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी त्याने गिरण्या, खाणी, काचकारखाने पालथे घातले. मालक आत घेत नसत, म्हणून कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचे फोटो घेणारा अशी सोंगे घेऊन तो शिरे. पोराची उंची विचारता येत नसे, तर आपल्या कोटाचे कितवे बटण त्याच्या डोक्याला लागते हे पाहून ठेवी. नाव, वय, गाव, काम किती दिवस, हे सारे टिपून घेई. कॅमेरा पाच इंच बाय सात इंचांच्या पट्टीचा. जॉर्जियातील मेकन गावच्या बिब गिरणीत जानेवारी १९०९ मध्ये घेतलेल्या त्याच्या एका चित्रात दोन पोरे तुटलेला धागा सांधावयाला साच्यावर चढून उभी आहेत; इतकी लहान की जमिनीवरून हात पोचत नाही. पाय अनवाणी. ज्यांच्या घरात गिरणीचा पगार येत होता त्यांना साच्यावर अनवाणी पाय म्हणजे काय, हे सांगावयास नको.

आपल्याकडे १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि त्यावरच्यांना बारा वर्षांपर्यंत नऊ तासांची मर्यादा घातली. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. तो लढा शब्दांचा आणि सह्यांचा होता. हाइनने त्यात चित्राची भर घातली. ही चित्रे मासिकांतून, पत्रकांतून, भित्तिफलकांतून हाफटोनने छापली गेली, म्हणजे ठिपक्यांत फुटलेलीच गेली, आणि तरी त्यांनी काम केले. १९१६ चा बालकामगारविरोधी कायदा झाला, १९१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला, आणि अखेर १९३८ चा कायदा टिकला. हाइन १९४० मध्ये विपन्नावस्थेत वारला. परंतु समितीने मूळ जपले होते. १९५४ मध्ये ५,१०० हून अधिक प्रती आणि ३५५ काचपट्ट्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाल्या. आज त्या ग्रंथालयाच्या संग्रहात ही चित्रे मोठ्या आकारात उघडून कोणीही पाहू शकतो, आणि त्या काळच्या मासिकाच्या वाचकाला जे कधी दिसले नाही ते त्यांत दिसते. रीसच्या काचपट्ट्या मात्र घरातच पडून राहिल्या. अलेक्झांडर अ‍ॅलंड नावाच्या छायाचित्रकाराने १९४० नंतरच्या दशकात चिकाटीने शोध लावला तेव्हा चारशेहून अधिक हाती लागल्या, आणि १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्यांच्या चांगल्या प्रती लोकांनी पाहिल्या. सत्तावन्न वर्षे जग ज्याला रीसची छायाचित्रे समजत होते ती कच्च्या ब्लॉकांची छपाई होती.

ह्यानंतर ठिपके तारेवर चढले. १९२१ च्या सुमारास ‘बार्टलेन’ पद्धतीने लंडन-न्यूयॉर्क समुद्री तारेतून चित्रे जाऊ लागली. बोटीने आठवडा लागे, ते तीन तासांच्या आत जाऊ लागले. पण पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा अवघ्या पाच. घाई आणि बारकावा यांची ही देवघेव तेव्हापासून आजतागायत चालू आहे. १९५७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतील रसेल कर्श याने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो संगणकात घातला. १७६ आडवे, १७६ उभे, एकूण ३०,९७६ ठिपके, कारण यंत्राची स्मरणशक्ती तेवढीच. ह्या चौकोनी ठिपक्यालाच पुढे पिक्सेल म्हणू लागले. १९७५ च्या डिसेंबरात कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा बनवला. त्याचे चित्र १०० बाय १००, म्हणजे दहा हजार ठिपक्यांचे, आणि ते कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. कंपनीने त्याचा उत्साहाने पाठपुरावा केला नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. फिल्म बनवणारे हजारो हात त्यापूर्वीच रिकामे झाले होते. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

कोडॅकच्याच ब्राइस बायर याचे १९७६ चे पेटंट आपल्या हिशेबाला फार महत्त्वाचे आहे. प्रकाश टिपणाऱ्या कणाला रंग कळत नाही. त्याला कमी-जास्त उजेड तेवढा कळतो. म्हणून बायरने कणांवर रंगीत चष्मे चढवले : निम्म्यांवर हिरवा, पावभागावर तांबडा, पावभागावर निळा. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६० लाख कण हिरवे पाहतात, ३० लाख तांबडे, ३० लाख निळे. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. आपण बारा मोजतो त्यातला मोठा भाग असा उसनवारीचा आहे. आणि दुकानातल्या दोनशेचे काय? तो मोबाईल बहुधा सोळा-सोळा कण एकत्र करून आपल्या हाती साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र देतो. पन्नासवाला चार-चार एकत्र करतो, त्याचेही साडेबाराच होतात. चित्र पाठवण्यापूर्वीच ते एकदा लहान झालेले असते!

लहान करणे वाईटच, असे मात्र नव्हे. ते कसे केले ह्यावर सारे आहे. चार ठिपक्यांचा एक करावयाचा आहे. एक मार्ग, तीन फेकून एक ठेवावयाचा. हा आळशी मार्ग. त्यात तिरप्या रेघांना पायऱ्या पडतात, आणि बारीक चौकडीच्या लुंगीवर किंवा काठाच्या पातळावर कापडात नसलेल्या लाटा उठतात. दुसरा मार्ग, चौघांची सरासरी काढावयाची. त्यात अंधारातल्या फोटोतील रवाळपणा निम्म्याने कमी होतो आणि उसनवारीचे रंगही बरेचसे खरे होऊन बसतात. म्हणून मोठ्या चित्रावरून नीट लहान केलेले चित्र मुळातच लहान घेतलेल्या चित्राहून सरस दिसते. परंतु पडद्यावर ते हजार-बाराशे ठिपक्यांच्या रुंदीने पाहावयाचे असेल तर १२ मेगापिक्सेल आणि ५० मेगापिक्सेल यांतला फरक उजेडातल्या फोटोत कोणाला ओळखता येणार नाही. जाळीतून तेवढेच गळते.

फरक पडतो तो चित्रातला एखादा कोपरा कातरून वाचावयाचा असतो तेव्हा. ४० सेंटीमीटर रुंदीची उघडी हजेरीवही घ्या. ४,००० बाय ३,००० च्या फोटोत मिलिमीटरला दहा ठिपके येतात. दोन मिलिमीटर उंचीच्या आकड्याला वीस. आकडा स्वच्छ वाचता येतो. निरोपाच्या वाटेवर चित्र १,६०० बाय १,२०० झाले तर एक कोटी वीस लाखांचे एकोणीस लाख वीस हजार उरले आणि आकड्याला आठ ठिपके आले; डोळे ताणून वाचता येईल. कोणी त्याचा आठशेचा केला की चार. चार ठिपक्यांत १ आणि ९ यांत भेद उरत नाही. एका ठेकेदाराच्या कामावरील हजेरीवहीचा असा फोटो चार मोबाईलांतून फिरून आमच्याकडे आला होता. ज्याने मूळ काढला त्याचा मोबाईल दरम्यान फुटलेला. दिवस ११ की १९, ह्यावर दोन सुनावण्या गेल्या. समोरच्या वकिलाने ११ वाचले, आम्ही १९, आणि खरे सांगावयाचे तर त्या चित्रात दोन्ही नव्हते. वही हजर झाली तेव्हा १९ निघाले, आठ दिवसांची मजुरी मिळाली. पण त्याला अकरा महिने लागले.

आकाराबरोबर आणखी एक कपात होते, ती दाबण्याची. १९९२ च्या जेपेग पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातले सूक्ष्म चढउतार, जे डोळ्याला सहसा जाणवत नाहीत, ते टाकून देतात. ह्यामागचे गणित बंगलोरात जन्मलेल्या नासिर अहमद यांनी नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापूर्वी संशोधनासाठी त्यांनी मागितलेले अनुदान नाकारले गेले होते. आकाशाला आणि गालाला ही कपात सोसते. अक्षरांच्या कडा हेच मुळी सूक्ष्म चढउतार, म्हणून अक्षरांभोवती मुंग्या जमल्यासारख्या दिसतात. चित्र पुन्हा पुन्हा लहान करून, दाबून पुढे पाठवले की कपातीवर कपात होत जाते.

मग लहान झालेले पुन्हा मोठे करता येईल का? आकार मोठा होईल. गेलेले परत येणार नाही. यंत्र रिकाम्या जागी काहीतरी भरील, एवढेच. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीसेल ह्या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या ध्यानात आले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे, म्हणजे जिचे नाव आपण नकलेलाच देऊन टाकले तिचीच, नक्कल करताना आकडे बदलत होती. एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे निरनिराळी होती. प्रतीत तिन्ही १४.१३ चौरस मीटर झाली. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच समजून चिकटवीत होते, आणि छपाई इतकी स्वच्छ की संशय येऊ नये. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या एका कार्यक्रमाला बराक ओबामांचा अगदी लहान केलेला फोटो मोठा करावयास दिला, तर एका गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला. धूसर चित्र निदान आपण धूसर असल्याचे कबूल करते.

आपल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने, जो १ जुलै २०२४ पासून अमलात आला, ह्या बाबतीत एक नेमकी गोष्ट मागितली आहे. कलम ६३ खाली द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात त्या फाईलचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलमधल्या साऱ्या अंकांवरून गणिताने काढलेली एक खूण. एक अंक बदलला तरी ती बदलते. मूळ फोटो आणि निरोपातून आलेला फोटो डोळ्यांना जुळे भाऊ वाटले तरी त्यांचे हॅश जुळत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपने ऑगस्ट २०२३ पासून फोटो मोठ्या आकारात पाठवण्याची सोय दिली आहे; त्यात कपात कमी होते, पण होते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर फाईल जशीच्या तशी जाते आणि दोन्हीकडचा हॅश एकच निघतो. मूळ फाईल काढणाऱ्याच्या मोबाईलमध्ये राहू द्यावी, आणि त्याच दिवशी तिची एक प्रत युनियनच्या कपाटातल्या डिस्कवर, तारीख व काढणाऱ्याचे नाव घालून, उतरवून घ्यावी. हाइनही प्रत्येक चित्राबरोबर तेवढेच लिहून ठेवीत असे.